थरथरणारा पाट आणि ठिसूळ हाडे

अलीकडे अनेक घरांच्या दिवाणखान्यात एक नवे यंत्र येऊन बसले आहे. वजनकाट्यासारखा दिसणारा, पण त्याहून बराच जाडजूड असा एक पाट. काही यंत्रांना समोर उभा खांब आणि हातांनी धरावयाचे दांडे. आणि कळ दाबताच पायांखालून सुरू होणारी थरथर. इंग्रजीत या प्रकाराला ‘होल बॉडी व्हायब्रेशन’ म्हणतात; मराठीत त्यास सर्वांगकंपन म्हणावयास हरकत नाही. किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत कितीही असू शकते.

हे यंत्र बहुधा घरातील ज्येष्ठांसाठी घेतले जाते. मुलगा परगावी नोकरीस, आईची साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, हाडांच्या घनतेच्या तपासणीत आकडा उणे अडीचच्या खाली उतरलेला. फिरावयास जा म्हणावे तर रस्त्यावर खड्डे आणि भटकी कुत्री. अशा वेळी ‘रोज दहा मिनिटे नुसते उभे राहा, तासाभराच्या व्यायामाचे फळ मिळेल’ हे विक्रेत्याचे बोलणे मुलास पटते, आणि त्याच्या काळजीत खोट काहीच नसते. अडचण पुढे आहे. त्या दहा मिनिटांच्या भरवशावर आईचे चालणे थांबले, डॉक्टरांनी दिलेली गोळी ‘आता कशाला’ म्हणून बाजूस पडली, आणि एखाद्या पहाटे न्हाणीघरात पाय घसरला, तर मोडते ते खुब्याचे हाड. त्या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे शस्त्रक्रिया, अनेक आठवड्यांचे परावलंबन, आणि कित्येकांच्या बाबतीत पूर्वीसारखे स्वतंत्र चालणे पुन्हा न येणे. म्हणून या थरथरणाऱ्या पाटाने नेमके काय होते आणि काय होत नाही, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम यंत्राविषयी. यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात संपूर्ण पाट सपाट राहून खालीवर होतो. दुसऱ्यात तो मधल्या आसावर मुलांच्या सीसॉसारखा डुलतो. उजवा पाय वर तेव्हा डावा खाली. कंपने सेकंदाला किती, हे हर्ट्झमध्ये मोजतात. व्यायामाच्या यंत्रांत हा आकडा साधारण १२ ते ४५ च्या दरम्यान असतो. पाट किती सरकतो, ते मिलिमीटरमध्ये मोजतात. या दोन आकड्यांवर सर्व काही अवलंबून असते, आणि बाजारातील स्वस्त यंत्रांवर नेमके हेच दोन आकडे बहुतेक वेळा नसतात. त्याऐवजी ‘वेग १ ते ९९’ अशी एक पट्टी असते. त्या पट्टीवरचा साठ म्हणजे सेकंदाला किती कंपने, हे विक्रेत्यासही ठाऊक नसते.

शरीरात काय घडते? स्नायूंमध्ये ताण ओळखणारे अतिसूक्ष्म अवयव असतात. स्नायू अचानक थोडासा ताणला गेला की ते मज्जारज्जूस संदेश पाठवतात आणि स्नायू आपोआप आकुंचन पावतो. डॉक्टर गुडघ्याखाली रबरी हातोडी मारतात तेव्हा पाय उडतो तो याच मार्गाने. कंपनाने हा संदेश वारंवार जात राहिला तर स्नायू इच्छेशिवायही आकुंचित राहतो, हे स्वीडनमधील एकलुंड आणि हागबार्थ या संशोधकांनी १९६६ मध्ये वर्णिले. पाटावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या पोटऱ्या आणि मांड्या अशाच नकळत काम करीत असतात. तेव्हा यंत्रावर उभे राहिल्याने काहीच होत नाही, असे म्हणणे चूक ठरेल. मात्र किती होते आणि त्याचा उपयोग किती, हा निराळा प्रश्न आहे.

कंपनाने आरोग्य मिळते ही कल्पना नवी नाही. स्वीडनच्या गुस्ताव झांडर या वैद्यांनी १८६५ मध्ये स्टॉकहोम येथे यंत्रांद्वारे व्यायाम करवून घेणारी संस्था काढली. शरीरास हलवणारी, ठोकणारी, थरथरवणारी त्यांची यंत्रे पुढे युरोप-अमेरिकेत पसरली. अमेरिकेत मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी आपल्या आरोग्यधामात कंपणाऱ्या खुर्च्या बसवल्या होत्या. मक्याच्या पोह्यांमुळे ज्यांचे आडनाव आज घरोघरी माहीत आहे, तेच हे केलॉग. ते कट्टर शाकाहारी होते. आहाराविषयीचा त्यांचा आग्रह बराचसा टिकला, खुर्च्या मात्र संग्रहालयात गेल्या.

सर्वांत उद्बोधक कथा पॅरिसमधील आहे. सालपेत्रिएर या रुग्णालयात जाँ-मार्ताँ शार्को हे एकोणिसाव्या शतकातील थोर मेंदूविकारतज्ज्ञ काम करीत. कंपवाताचे काही रुग्ण त्यांना सांगत, की आगगाडीच्या किंवा घोडागाडीच्या लांबच्या प्रवासानंतर त्यांना कितीतरी बरे वाटते; जितके हादरे अधिक तितका आराम अधिक. धडधाकट माणूस ज्या प्रवासाने आंबून जातो, त्याने रुग्ण ताजातवाना होतो, ही गोष्ट शार्को यांनी हसण्यावारी नेली नाही. त्यांनी विजेवर हलणारी एक खुर्ची बनवून घेतली आणि १८९२ मध्ये कंपनचिकित्सेवर व्याख्यान दिले. रुग्णांना बरे वाटत होते, झोप चांगली लागत होती. पुढल्याच वर्षी शार्को निवर्तले आणि तो प्रयोग अर्धवट राहिला.

एकशे वीस वर्षांनी, २०१२ मध्ये, शिकागोच्या रश विद्यापीठातील संशोधकांनी तो पुन्हा करून पाहिला. मात्र एक काळजी घेऊन. रुग्णांचे दोन गट केले. दोघांनाही सारख्याच आरामखुर्च्या, दोघांनाही कानांना सुखद ध्वनी. एका गटाची खुर्ची कंप पावे, दुसऱ्याची नाही. चार आठवडे रोज अर्धा तास. दोन्ही गटांतील रुग्णांच्या हालचालींत सुधारणा झाली, आणि जवळजवळ सारखीच झाली. म्हणजे रुग्णांना बरे वाटत होते हे शार्को यांचे निरीक्षण खरे होते. श्रेय कंपनाचे होते, हे मात्र सिद्ध झाले नाही. रोज ठरलेल्या वेळी कोणी तरी आस्थेने बसवते, विचारपूस करते, अर्धा तास शांतता मिळते, याचाही देहावर परिणाम होतोच. शेजारच्या काकूंना यंत्राने बरे वाटले, म्हणून घरी यंत्र आणणाऱ्यांनी ही दुसरी खुर्ची विसरू नये.

आता हाडांकडे वळू. हाड हे दगडासारखे निर्जीव नसते. जेथे भार पडतो तेथे ते दाट होते, जेथे पडत नाही तेथे विरळ होत जाते; जर्मन शल्यविशारद युलियुस वोल्फ यांनी हा नियम ग्रंथरूपाने मांडला तो १८९२ मध्येच. टेनिसपटूंच्या खेळण्याच्या हाताचे हाड दुसऱ्या हाताहून जाड आढळते, ते यामुळेच. उलट अंतराळात भारच नसल्याने अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्का या गतीने घटू शकते. यंत्रांच्या जाहिरातींत रशियन अंतराळवीरांचा दाखला हमखास येतो, म्हणून येथेच सांगून टाकलेले बरे: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हाडे टिकवण्यासाठी दररोज सुमारे दोन तास राखून ठेवलेले असतात आणि ते जातात धावपट्टी, सायकल आणि वजन उचलण्यासारखा जोर करावयास लावणाऱ्या यंत्रावर. दहा मिनिटे नुसते उभे राहून त्यांचेही भागत नाही.

तरीही कंपनाने हाड बळकट होईल ही आशा निराधार नव्हती. ती एका सुंदर प्रयोगातून आली. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठातील क्लिंटन रुबिन यांच्या मनात असे आले, की माणूस स्वस्थ उभा असतानाही त्याचे स्नायू सूक्ष्म वेगाने थरथरत असतात आणि ती थरथर हाडांपर्यंत पोहोचत असते. वय वाढते तशी ती मंदावते. मग मोठ्या भाराऐवजी तीच सूक्ष्म थरथर बाहेरून दिली तर? त्यांनी प्रौढ मेंढ्यांना मागच्या पायांवर कंपन मिळेल अशा पाटावर रोज वीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, वर्षभर उभे केले. कंपन सेकंदाला ३० वेळा, पण इतके सौम्य, की त्याचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या केवळ ०.३ पट होता. हिशेब केला तर पाट मधल्या स्थितीपासून मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी सरकत होता. डोळ्यांना तो हललेलाही दिसू नये. वर्षअखेर त्या मेंढ्यांच्या मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकातील जाळीदार भागाची घनता सुमारे ३४ टक्क्यांनी अधिक आढळली. २००१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले आणि जगभर उत्साहाची लाट उसळली. गोळी नाही, घाम नाही, नुसते उभे राहावयाचे!

मेंढीस जे लाभले ते स्त्रीस लाभते का, हे मात्र स्त्रियांवरच तपासावे लागते. बेल्जियममधील लूव्हेन येथे २००४ मध्ये एका लहान चाचणीत रजोनिवृत्त स्त्रियांच्या खुब्याच्या घनतेत सहा महिन्यांनी सुमारे एक टक्का वाढ दिसली; तेथील कंपन बरेच जोराचे होते आणि स्त्रिया पाटावर उठाबशांसारखे व्यायामही करीत होत्या. सौम्य कंपनाची खरी कसोटी पुढे झाली. कॅनडात टोरांटो येथे २०२ रजोनिवृत्त स्त्रियांचे तीन गट करण्यात आले. दोन गटांनी घरी रोज वीस मिनिटे पाटावर उभे राहावयाचे, तिसऱ्याने नाही. चुना आणि ‘ड’ जीवनसत्त्व तिन्ही गटांना सारखे. वर्षानंतर, २०११ मध्ये निकाल आला: हाडांच्या घनतेत तिन्ही गटांत फरक नाही. त्यानंतर बॉस्टन येथे सरासरी ८२ वर्षे वयाच्या १७४ ज्येष्ठांना रोज दहा मिनिटे याप्रमाणे दोन वर्षांपर्यंत उभे करण्यात आले. येथे निम्म्यांचे यंत्र खरे होते, निम्म्यांचे दिखाऊ. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष तोच: फरक नाही.

चाचण्या अनेक झाल्या आहेत आणि त्यांचे निकाल एकसारखे नाहीत, हे मान्य करूनही एवढे ठामपणे म्हणता येते, की ठिसूळ हाडांवरील औषधाच्या जागी हा पाट ठेवण्यास आधार नाही. उणे अडीचचा आकडा असलेल्या मातेची गोळी या यंत्राच्या जिवावर बंद करणे म्हणजे सरळ धोका पत्करणे आहे. गोळी बंद करावयाची तर ती डॉक्टरांनी, आणि त्यांच्या कारणांसाठी.

येथे विषय संपला असता, तर हा पाट अडगळीत टाका एवढेच सांगून थांबता आले असते. पण हाँगकाँगमध्ये एक निराळीच गोष्ट समोर आली. तेथे ७१० वृद्ध स्त्रियांची चाचणी झाली. वस्तीतील सामाजिक केंद्रांपैकी काहींमध्ये स्त्रिया आठवड्यातून पाच दिवस, वीस मिनिटे, असे दीड वर्ष पाटावर उभ्या राहिल्या. इतर केंद्रांतील स्त्रियांचा दिनक्रम नेहमीप्रमाणे चालू राहिला. हाडांची घनता येथेही वाढली नाही. पण त्या काळात पडल्याचे किंवा हाड मोडल्याचे ज्यांनी कळवले, त्यांचे प्रमाण पाटाच्या गटात १८.६ टक्के होते आणि दुसऱ्या गटात २८.७ टक्के. पायांची ताकद आणि तोल सांभाळण्याची क्षमताही पहिल्या गटात सुधारली.

या निकालाचा अर्थ नीट लावला पाहिजे. खुब्याचे हाड ठिसूळपणामुळे मोडते हे अर्धे सत्य आहे. ते मोडते बहुतेक वेळा पडल्यामुळे. जी आजी पडतच नाही, तिचे हाड कमकुवत असूनही शाबूत राहते. तेव्हा हाड न वाढवताही अस्थिभंग टाळता येतो, आणि तो टाळण्याचे स्थान पायांत, तोलात, डोळ्यांत आणि घराच्या फरशीत आहे. हाँगकाँगच्या चाचणीत मात्र एक उणीव होती. दुसऱ्या गटास दिखाऊ यंत्र दिलेले नव्हते. पाटासाठी स्त्रिया आठवड्यातून पाच दिवस घराबाहेर पडून केंद्रात जात, चार जणींत मिसळत. सुधारणेतील कोणता वाटा थरथरीचा आणि कोणता त्या जाण्यायेण्याचा, हे त्या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. शार्को यांची दुसरी खुर्ची येथेही हवी होती.

तोल आणि ताकद यांसाठी पाटाविना काय मिळते, याचेही आकडे उपलब्ध आहेत. कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये १०८ चाचण्या आणि तेवीस हजारांहून अधिक ज्येष्ठ यांचा एकत्रित आढावा घेतला. व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. सर्वांत भरवशाचे ठरले ते तोल सांभाळण्याचे आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम, म्हणजे खुर्चीतून हात न टेकता उठणे, टाच-पाऊल जोडून चालणे, दिशा बदलत चालणे. यास कोणतेही यंत्र लागत नाही. हाडाची घनताच वाढवावयाची असेल, तर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधील ग्रिफिथ विद्यापीठाची चाचणी लक्षात घेण्याजोगी आहे. तेथे कमी घनतेच्या १०१ रजोनिवृत्त स्त्रियांपैकी एका गटाकडून आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली चांगलेच जड वजन उचलण्याचा व्यायाम करवून घेण्यात आला. आठ महिन्यांनी त्यांच्या कण्याची घनता २.९ टक्क्यांनी वाढली. दुसऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली. साठीच्या स्त्रीने वजन उचलावे ही कल्पना आपल्याकडे अजून दचकवणारी आहे. एके काळी विहिरीवरून हंडे-कळश्या आणणारी, जात्यावर दळणारी पिढी हेच करीत होती, हे मात्र कोणास आठवत नाही. अर्थात ज्यांची हाडे आधीच ठिसूळ आहेत त्यांनी हा मार्ग जाणत्या प्रशिक्षकावाचून धरू नये.

या सर्व चर्चेत धोक्याची बाजू मागे राहता कामा नये. गंमत अशी, की सर्वांगकंपन हा शब्द कारखान्यांच्या सुरक्षा-अधिकाऱ्यांना चांगलाच परिचित आहे, आणि त्यांच्या लेखी तो अपायाचा शब्द आहे. ट्रॅक्टर, ट्रक, खाणीतील अवजड वाहने चालवणाऱ्यांच्या पाठीच्या कण्यावर वर्षानुवर्षे बसणाऱ्या हादऱ्यांचा परिणाम जगभर अभ्यासला गेला आहे आणि त्यासाठी आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. एस.टी.च्या मागच्या आसनावर बसून घाटरस्त्याने गेलेल्या प्रवाशास याचा थोडासा अनुभव असतोच. ट्रॅक्टरचालकाच्या पाठीस जे मारक, ते आजीच्या पाठीस तारक कसे? उत्तर मात्रेत आहे. किती जोराने, किती वेळ, आणि कोणत्या स्थितीत, यावर सारे ठरते.

येथे थोडे गणित करावे लागेल. पाट मधल्या स्थितीपासून २ मिलिमीटर वर आणि २ मिलिमीटर खाली जातो आणि सेकंदाला ३० वेळा हे करतो, असे समजा. ऐकताना हे किरकोळ वाटते. पण त्यातून निर्माण होणारा सर्वोच्च प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ७ पट भरतो. सेकंदाला १२ कंपने ठेवली तर तोच आकडा सव्वापटीच्याही आत येतो. कारण कंपनसंख्या दुप्पट केली की प्रवेग चौपट होतो. रुबिन यांच्या मेंढ्यांना मिळालेली मात्रा होती ०.३ पट. म्हणजे ज्या प्रयोगाचा हवाला देऊन यंत्र विकले जाते, त्याच्या वीस पटींहून अधिक जोराचे कंपन ग्राहकाच्या पायाखाली असू शकते. बाजारातील काही यंत्रांची कंपने त्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या मर्यादा थोड्याच वेळात ओलांडतात, असे प्रत्यक्ष मोजणीत दिसून आले आहे. ‘जेवढे जोराने तेवढे चांगले’ हा नियम येथे अजिबात चालत नाही. पाटावर डोके हलू लागले, दात वाजू लागले, दृष्टी धूसर झाली, तर मात्रा वाढली असे समजून तत्काळ खाली उतरावे. गुडघे ताठ ठेवून उभे राहिल्यास हादरा थेट कण्यातून मस्तकापर्यंत जातो. गुडघे किंचित वाकवले की पायांचे स्नायू तो मध्येच शोषून घेतात.

काही जणांनी तर पाटावर पाऊलही ठेवू नये. गर्भवती स्त्रिया, हृदयात पेसमेकर बसवलेले, पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी झालेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले किंवा हाड मोडलेले, फेफऱ्याचा त्रास असलेले, मूत्रपिंडात अथवा पित्ताशयात खडे असलेले. डोळ्यांच्या पडद्याचा विकार असणाऱ्यांनी आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनी नेत्रतज्ज्ञांस विचारल्यावाचून जाऊ नये. अशा यंत्रानंतर डोळ्यात बसवलेले भिंग सरकल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. साठी ओलांडलेल्या घरांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किती सार्वत्रिक आहे, हे पाहता ही सूचना विक्रेत्याने सर्वांत आधी द्यावयास हवी. ती बहुधा पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आढळते.

वजन उतरवण्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. पाटावरील सौम्य व्यायामात शरीर जेवढा प्राणवायू वापरते, तो साधारण चालण्याइतका असतो. दहा मिनिटांत खर्च होणारी ऊर्जा अर्ध्या पोळीइतकी. पूर्वी कमरेस पट्टा लावून चरबी ‘वितळवणारी’ यंत्रे असत. त्यांची जागा आता पाटाने घेतली, इतकेच.

उपयोग कोठे होतो, तेही सांगावयास हवे, नाहीतर न्याय होणार नाही. बेल्जियममध्येच २००३ मध्ये व्यायामाची सवय नसलेल्या तरुण स्त्रियांवर झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांनी पाटावर व्यायाम करणाऱ्या गटाची गुडघ्याची ताकद सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. दिखाऊ पाटावर तेच व्यायाम करणाऱ्यांची वाढली नाही, आणि व्यायामशाळेत वजनांनी व्यायाम करणाऱ्यांची जवळजवळ तेवढीच वाढली. म्हणजे कंपनास स्वतःचे काही श्रेय खरोखरच आहे. जर्मनीत कोलोन येथील विद्यापीठात मेंदूच्या पक्षाघाताने चालणे अवघड झालेल्या मुलांच्या पुनर्वसनात डुलणारा पाट वापरला जातो. फुप्फुसांच्या तीव्र विकाराने दम लागणाऱ्या रुग्णांना नेहमीच्या व्यायामाच्या जोडीस पाटावर उठाबशा दिल्या, तेव्हा सहा मिनिटांत चालून जाण्याच्या अंतरात केवळ व्यायाम करणाऱ्यांहून सुमारे २७ मीटर अधिक भर पडली. जर्मनीतीलच ही २०१२ ची चाचणी. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान आहे. माणूस नुसता उभा नाही. तो व्यायाम करीत आहे, जाणकार शेजारी आहे, आणि पाट हा त्या व्यायामातील एक साहाय्यक आहे. ज्यांना व्यायाम करणेच अशक्यप्राय आहे, त्यांना सुरुवातीची पायरी म्हणून तो मोलाचा ठरू शकतो. ज्या मातोश्री अर्धा तास आरामात फिरू शकतात, त्यांच्यासाठी तो चालण्याचा पर्याय नाही.

ज्या घरांत यंत्र आधीच आलेले आहे, तेथे पैसे वाया गेले म्हणून हळहळण्यापेक्षा ते शहाणपणाने वापरावे. प्रथम विक्रेत्याकडून किंवा पुस्तिकेतून कंपनसंख्या हर्ट्झमध्ये आणि सरकण मिलिमीटरमध्ये किती, ते मिळवावे आणि घरच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवावे. हे आकडे मिळालेच नाहीत तर ज्येष्ठांना त्यावर चढू देऊ नये. परवानगी मिळाल्यास सर्वांत कमी वेगावर, एका वेळी एक मिनिट, मध्ये तेवढीच विश्रांती, अशा तीन-चार फेऱ्यांनी आरंभ करावा. गुडघे वाकलेले, हात दांड्यावर, पायांत पातळ तळव्याची पादत्राणे, आणि पहिले काही आठवडे घरातील कोणी तरी जवळ उभे. पाटावरून उतरल्यावर क्षणभर पाय जड किंवा बधिर वाटतात. तोल जाण्याचा संभव तेव्हाच सर्वाधिक. म्हणून उतरून लगेच चालू लागू नये, दांडा धरून थोडे थांबावे.

गोळी, दूध, कडधान्ये, सकाळचे ऊन आणि चालणे यांतले काहीही यामुळे कमी करू नये. हाडांच्या घनतेची तपासणी डॉक्टर सांगतील त्या अंतराने, शक्यतो त्याच केंद्रात त्याच यंत्रावर करावी, म्हणजे दोन आकड्यांची तुलना करता येते. न्हाणीघरात भिंतीस धरावयास दांडा आणि पायाखाली न घसरणारी चटई, रात्री उठण्याच्या वाटेवर मंद दिवा, यांचा एकूण खर्च सर्वांत स्वस्त पाटाहूनही कमी येतो.

आणि ज्यांना डॉक्टरांनी पाट वर्ज्य सांगितला, पण यंत्र मात्र घरात उभेच आहे, त्यांनी तेही वापरावे, कळ न दाबता. भक्कम खांबाचे यंत्र असेल तर त्याच्या शेजारी जमिनीवर उभे राहून दांडा धरावा, एक पाय उचलावा, दहापर्यंत मोजावे, मग दुसरा. आठवडाभराने दोन्ही हातांऐवजी एक, पुढे दोन बोटे. सोबत कोणी असले म्हणजे मोजणे चुकत नाही.